लाखाची तार

गेल्या आषाढांत कांहीं कामानिमित्त सांगलीस जाण्याचा योग आला व नेहमींच्या रिवाजाप्रमाणें आम्ही आमचे जुने स्नेही अप्पासाहेब यांच्याकडे उतरलों. अप्पासाहेबांस बँकेच्या नोकरींतून निवृत्त होऊन नऊ वर्षें झालीं. जन्म मिरजेचा, बालपण तंबोरे-सतारी घडविणाऱ्यांच्या दुकानांपुढें घुटमळण्यांत गेलेलें, आणि व्यसन म्हणाल तर एकच, गाणें ऐकण्याचें. निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेल्या रकमेंतून त्यांनीं माडीवरच्या खोलींत एक उत्तम ॲम्प्लिफायर, दोन उंच स्पीकर आणि तबकड्या वाजविण्याचें यंत्र मांडलें, तेव्हां आम्हींच त्यांस शाबासकी दिली होती. आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजलेल्या माणसानें उतारवयांत स्वतःच्या आनंदासाठीं एवढें केलें तर त्यांत वावगें कांहीं नाहीं, असें आमचें मत होतें व आजही आहे.

या खेपेस मात्र माडीचा जिना चढतांना वळणावर एक पातेलें ठेवलेलें दिसलें. त्यांत वरून थेंब थेंब पाणी पडत होतें. गच्ची गळत होती. "पावसाळ्याआधींच काम करावयाचें होतें, भावजी," वहिनी मागून म्हणाल्या, "पण ठेवीची मुदत संपली जूनांत, आणि आतां तो पैसा वर यंत्रामागें वेटोळें करून बसला आहे." वहिनींच्या बोलण्याचा अर्थ आम्हांस माडीवर गेल्यावर कळला.

अप्पासाहेबांनीं आम्हांस खुर्चीवर बसविलें व कांहीं न बोलतां अब्दुल करीमखाँसाहेबांची एक ध्वनिमुद्रिका लावली. ती संपल्यावर विचारलें, "कांहीं फरक वाटतो?" आवाज गोड आहे, एवढेंच आम्हीं म्हटलें. मग त्यांनीं आम्हांस यंत्राच्या मागें नेलें. अंगठ्याएवढी जाड, निळ्या रेशमी विणीचें वेष्टण असलेली, टोंकांस सोन्याचा मुलामा दिलेली तार ॲम्प्लिफायरपासून दोन्ही स्पीकरांपर्यंत गेली होती. लांबी तीन तीन मीटर, आणि जोडीची किंमत एक लाख चाळीस हजार रुपये! मुंबईच्या एका दुकानानें ती पंधरा दिवसांच्या बोलीवर पाठविली होती. पैसे आधींच पोंचते झाले होते. पसंत न पडल्यास तार परत व पैसेही परत. त्या बोलीचे अकरा दिवस सरले होते. आंकडा ऐकून आमची छाती दडपली. पण कबूल करावयास लाज वाटते, त्यानंतर तीच ध्वनिमुद्रिका पुन्हा लागली तेव्हां मागचा तंबोरा आम्हांसही आधींपेक्षां मोकळा वाटला.

हा अनुभव आम्ही मुद्दाम नमूद करीत आहों. महागड्या तारांची टर उडविणारे पुष्कळ आहेत, व त्यांस वाटतें कीं, त्या ऐकून डोलणारे एक तर ढोंग करतात किंवा मूर्ख तरी असतात. तसें नाहीं. ऐकणाऱ्यास फरक खरोखरच जाणवतो. प्रश्न एवढाच कीं, तो तारेंतून येतो कीं तिच्या किंमतींतून.

अप्पासाहेबांनीं ही तार हौसेपोटीं मागविली नव्हती. दोनएक वर्षांपासून त्यांस आपल्या ध्वनिमुद्रिकांतील तंबोरा मिटल्यासारखा वाटूं लागला होता. ज्यांच्या घरीं तंबोरा आहे त्या वाचकांस हें चटकन् उमगेल. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित् वाटोळा असतो. तार त्यावर घासून कंप पावते. आणि घोडी व तार यांच्यामध्यें सरकविलेला सुताचा इवलासा धागा नेमक्या जागीं आला कीं त्या एका स्वरांतून वरच्या स्वरांचें सबंध मोहोळ उठतें. यालाच जवारी लागणें म्हणतात. तारेच्या ज्या बिंदूशीं एखादा उपस्वर स्थिर असतो त्याच बिंदूवर ती छेडली तर तो उपस्वर उमटूं नये, असा पदार्थविज्ञानाचा जुना नियम आहे. तंबोरा आणि वीणा तो नियम पाळीत नाहींत, हें सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं आपल्या तंतुवाद्यांवरील निबंधांत दाखवून दिलें. त्या धाग्याची किंमत पै-पैशांतही करतां यावयाची नाहीं. परंतु तो केसभर सरकला तर शेजारच्या खोलींतल्या माणसासही कळतें, आणि त्यासाठीं त्याला आधीं कांहीं सांगून ठेवावें लागत नाहीं.

हें मोहोळच अप्पासाहेबांस ऐकूं येईनासें झालें होतें. त्यांनीं सुई बदलली, स्पीकर भिंतीपासून पुढें ओढले, तबकड्या धुतल्या. शेवटीं दुकानदारास फोन केला. त्यानें सर्व हकीकत शांतपणें ऐकून घेतली व दोष तारेंत असल्याचें निदान केलें.

अप्पासाहेबांची नात चि. मुक्ता अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत आहे. रात्रीं जेवणें झाल्यावर तिनें कागदावर मांडून दाखविलेला हिशेब आम्हांस इतका सुबोध वाटला कीं तो येथें उतरून देतों. तारेचें काम ॲम्प्लिफायरमधून निघालेला विजेचा प्रवाह स्पीकरपर्यंत नेण्याचें. हें करतांना ती थोडा अडथळाही करते. स्पीकरचा स्वतःचा अडथळा बहुधा आठ ओहम असतो. आपल्या घरांत भिंतींमधून फिरवितात ती अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार तीन मीटर अंतरास वापरली, तर जाऊनयेऊन सहा मीटरांचा अडथळा होतो ओहमाच्या सुमारें चार शतांश. त्यानें आवाज घटतो डेसिबेलच्या चार-पांच शतांशांनीं. अर्ध्या डेसिबेलपेक्षां कमी फरक आपणां सामान्यांस सहसा कळत नाहीं. अगदीं तरबेज कान आणि निवांत खोली असली तरी डेसिबेलचे एकदोन दशांश लागतातच. उलट, याच अंतरास एक पंचमांश चौरस मिलिमीटरची दोऱ्यासारखी बारीक तार जोडली तर अडथळा अर्ध्या ओहमावर जातो, अर्धा डेसिबेल आवाज घटतो, आणि तो फरक ऐकूं येऊं शकतो. तात्पर्य, तार पुरेशी जाड हवी हें खरें. पण दोन्ही स्पीकरांस पुरेल एवढी जाड तार पांचशें रुपयांच्या आंतबाहेर मिळते. चांदीचें म्हणाल तर ती तांब्यापेक्षां सुमारें सहा टक्केच अधिक चांगली वाहक आहे. तेवढें साधावयास तांब्याची तार सहा टक्के जाड घेतली कीं झालें. आणि सोनें? घरोघरच्या गृहिणींस आश्चर्य वाटेल, पण सोनें या कामीं तांब्याहून कमी प्रतीचें आहे. तें गंजत नाहीं म्हणून टोंकांस त्याचा मुलामा उपयोगी पडतो, एवढाच त्याचा गुण.

भिंतीच्या प्लगपासून यंत्रापर्यंतच्या चार फूट तारेचेही पन्नास पन्नास हजार मोजणारे रसिक आहेत, असें मुक्ता म्हणाली. वीज कोयनेहून येवो कीं चंद्रपुराहून, मैलोगणती ॲल्युमिनियमच्या तारांवरून ती येते, मग गल्लींतल्या खांबावरून लोंबत लोंबत घरांत शिरते. शेवटच्या चार फुटांत तिच्यावर कोणते संस्कार होणार, तें तो दुकानदारच जाणे. आणि १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित झालें तें तिनें एका कर्ण्यांत तोंड घालून गाइलें होतें. विजेनें ध्वनिमुद्रण होऊं लागलें १९२५ नंतर. त्या पूर्वींच्या सर्व गाण्यांत तार अशी नव्हतीच.

एक न्याय केला पाहिजे. तबकडीच्या सुईपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाणारी तार खरोखर आवाज बदलूं शकते. तेथील प्रवाह अत्यंत क्षीण असतो, तारेचा विद्युत्संचय सुईच्या वेटोळ्यांशीं मिळून वरचे स्वर चढवितो किंवा उतरवितो, आणि वेष्टण चांगलें नसल्यास घरांतील विजेची घूंघूं आंत शिरते. पण तेथेंही योग्य तार निवडावी लागते, महाग नव्हे.

अप्पासाहेब हें सर्व ऐकत होते. शेवटीं म्हणाले, "कागद राहूं दे. मला ऐकूं येतें त्याचें काय?" हा प्रश्न रास्त होता, व त्यास कागदानें उत्तर देतां येत नाहीं.

त्याला उत्तर देण्याची रीत चहाच्या पेल्यांतून निघाली आहे. इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधनकेंद्रांत एक विदुषी म्हणत असे कीं, पेल्यांत आधीं दूध घातलें कीं आधीं चहा, हें आपणांस चवीवरून कळतें. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानें त्यावर आठ पेल्यांची परीक्षा योजिली. चार एका प्रकारचे, चार दुसऱ्या, क्रम गुप्त. आठही पेले निव्वळ अंदाजानें बरोबर सांगण्याचा संभव सत्तरांत एक. १९३५ सालच्या त्याच्या ग्रंथांत ही कथा आहे. स्पीकरच्या तारांवर हीच रीत 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकन मासिकानें १९८३ सालीं लावून पाहिली. बारीक तारेचा भेद खरखरीच्या आवाजावर ऐकणाऱ्यांस ओळखतां आला. पण साधी जाड तार आणि नामांकित महागडी केबल यांतला भेद त्यांस सांगतां आला नाहीं. पुढें २००७ सालीं जेम्स रँडी या जादूगारानें, सव्वासात हजार डॉलरांची बारा फुटी केबल न पाहतां ओळखून दाखविणारास दहा लक्ष डॉलर देऊं केले. एक प्रसिद्ध समीक्षक तयारही झाले. पण परीक्षा झालीच नाहीं, व ती कोणामुळें मोडली याविषयीं दोन्ही पक्ष एकमेकांकडे बोट दाखवीत राहिले. व्हायोलिनांची मात्र झाली. २०१० सालीं अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें एकवीस कसलेल्या वादकांस काळे चष्मे घालून तीन जुनीं इटालियन आणि तीन नवीं वाद्यें वाजविण्यास दिलीं. बहुतेकांनीं घरीं नेण्यास नवीं निवडलीं, आणि सर्वांत नापसंत ठरलें तें एक स्ट्रॅडिव्हेरियस!

दुसरे दिवशीं रविवार होता. मुक्तानें घरांत उरलेल्या विजेच्या तारेचे तुकडे कापून आणले, यंत्राच्या मागच्या बाजूस एक पलंगपोस टांगला, व नाणें उडवून छापा पडला तर लाखाची आणि कांटा पडला तर घरची तार जोडावयाची असें ठरलें. ती पडद्याआड मुकाट्यानें जोडणार; आम्ही अप्पासाहेबांशेजारीं बसणार, म्हणजे आमच्या चेहऱ्यावरूनही त्यांस कांहीं कळावयाचें नाहीं; आणि वहिनी किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर उत्तरें टिपणार. सोळा फेऱ्या. बारा बरोबर आल्या तर तार ठेवावी, असें अप्पासाहेबांनीं स्वतःच कबूल केलें; नुसत्या अंदाजानें बारा किंवा अधिक बरोबर येण्याचा संभव सव्वीसांत एक, असें मुक्तानें सांगितलें. प्रत्येक वेळीं यंत्र बंद करून तारा काढावयाच्या व जोडावयाच्या, त्यामुळें मध्यें चहा होऊन दोन तासांहून अधिक वेळ गेला. पहिल्या दोनतीन फेऱ्यांत अप्पासाहेब तात्काळ उत्तर देत होते. पुढें त्यांच्या कपाळीं आठ्या पडूं लागल्या. दोनदां नाणें लागोपाठ एकाच बाजूस पडलें, म्हणून मुक्तानें तीच तार काढून पुन्हा तीच जोडली, त्या दोन्ही वेळीं ते "हां, आतां उघडला!" असें निश्चयानें म्हणाले. सोळांपैकीं सात बरोबर आल्या.

खोलींत कोणी बोलेना. आम्हांस आमच्याच आदल्या दिवशींच्या अनुभवाची आठवण झाली व आम्ही मुकाट राहिलों. अप्पासाहेब चिडले होते. "म्हणजे मला तंबोरा कळत नाहीं असें म्हणा!" असें बोलून ते उठले व कोपऱ्यांतला गवसणींतला तंबोरा त्यांनीं बाहेर काढला. वडिलांच्या वेळचा, मिरजेचाच. "अग, घे हा, आणि जवारी लाव. मी न पाहतां सांगतों," ते वहिनींस म्हणाले. वहिनी पूर्वीं गात असत. त्यांनीं पडद्यामागें बसून स्वर लावला आणि धागा हळूहळू सरकवूं लागल्या. एका क्षणीं जवारी अशी लागली कीं पलीकडच्या खिडकीची कांच गुणगुणल्यासारखें वाटलें. आमच्या अंगावर कांटा आला.

"अजून मिटलेलाच आहे," अप्पासाहेब म्हणाले. "सरकव आणखी."

वहिनींनीं सरकविला नाहीं. त्या पडद्यामागून उठून पुढें आल्या. या तंबोऱ्यास ना ॲम्प्लिफायर, ना स्पीकर, ना तार. सहा फुटांवरचा लाकूड-भोपळ्याचा स्वर हवेंतून कानापर्यंत यावयाचा होता, एवढेंच.

मुक्तानें मोबाइल काढला व त्यावर एक बारीक शीळ लावली. सेकंदास एक हजार कंपनें. सर्वांनीं मान डोलाविली. दोन हजार. चार हजारांस अप्पासाहेबांनीं कान पुढें केला. आठ हजार झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "पुरे ग, किती कर्कश!" आणि अप्पासाहेबांनीं आमच्याकडे पाहून विचारलें, "सुरू केलें का तिनें?"

तो प्रश्न आमच्या लवकर विस्मरणांत जाणार नाहीं. तो विचारतांना त्यांच्या चेहऱ्यावर जें उमटलें तें सर्वप्रथम वहिनींनीं ओळखलें असावें, कारण त्या लगेच म्हणाल्या, "अहो, यांना नि मलाही पुढचें येणार नाहीं. लाव ग आणखी वर." आणि खरेंच, बारा हजारांस मुक्तानें स्वतःचे कान झांकले व आम्हां तिघांस कांहींही ऐकूं आलें नाहीं. आमचेंही एक द्वार मिटलेलें आहे, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

वयोमानानें कानांतील सूक्ष्म रोमपेशी झिजतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहींत. झीज नेहमीं वरच्या स्वरांपासून सुरू होते व वर्षानुवर्षें इतकी सावकाश उतरते कीं माणसास ती आपली वाटत नाहीं. गवई वाईट गातो, यंत्र बिघडलें, लोक तोंडांतल्या तोंडांत बोलतात असें वाटतें. स, श, थ, फ या व्यंजनांचा मुख्य भाग दोन हजारांपासून आठ हजार कंपनांच्या टापूंत असतो. स्वर खालीं असतात. म्हणून अशा मनुष्यास आवाज ऐकूं येतो पण शब्द कळत नाहीं, आणि मोठ्यानें बोललें तर "ओरडतां कशाला?" म्हणतो. गेलीं दोन वर्षें आपण पुटपुटतों असा आरोप आपल्यावर कसा होत होता, तें वहिनींनीं मग हंसत हंसत सांगितलें. अप्पासाहेबांनीं मैफलीस जाणें याच काळांत सोडलें होतें. "हल्लीं गाण्यांत राम राहिला नाहीं," असें त्यांनीं आम्हांस पत्रांत लिहिलें होतें, व आम्हींही त्यास होकार दिला होता!

डोळ्यांस चष्मा लागला तर आपल्या समाजांत त्याची लाज नाहीं. उलट विद्वत्तेचें लक्षण समजतात. कानाचें मात्र नांव काढावयाचें नाहीं. वास्तविक कानाची तपासणी अर्ध्या तासाची असते व तींत कांहीं दुखत नाहीं. आधीं कानाच्या डॉक्टरांस दाखवावें, कारण कधीं कधीं सारा दोष साठलेल्या मळाचा निघतो. मग श्रवणतज्ज्ञाकडून २५० ते ८,००० कंपनांपर्यंतचा आलेख काढून घ्यावा. मुंबईस वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेंत ही सोय आहे, व आतां जिल्ह्याच्या बहुतेक गांवीं ती होते. एका कानानें एकाएकीं ऐकूं येईनासें झालें तर मात्र आलेखाची वाट न पाहतां त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. त्या विकारांत उपाय लवकर झाला तर गुण येण्याची आशा अधिक असते.

अप्पासाहेबांचा आलेख तीन हजारांपर्यंत सरळ होता, आणि पुढें घाटासारखा उतरला होता. तार चौदाव्या दिवशीं परत गेली. दुकानदारानें पैसे बिनतक्रार परत केले, हें त्याच्या बाजूनें सांगावयास हवें. फक्त जातां जातां, प्लगपासूनची तार बदलून पाहण्यास हरकत नाहीं, असें त्यानें सुचविलें. दोन्ही कानांच्या यंत्रांचा खर्च त्या तारेच्या निम्म्याहून कमी आला. तीं यंत्रें मुख्यतः बोलणें ऐकण्यासाठीं घडविलेलीं असल्यामुळें गाण्यासाठीं त्यांत निराळी जुळणी करून घ्यावी लागली, व त्यासाठीं श्रवणतज्ज्ञाकडे तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेस अप्पासाहेब तंबोराच बरोबर घेऊन गेले.

गच्चीचें काम दिवाळीच्या सुमारास पुरें झालें. वहिनींचें पत्र आलें आहे. जवारी पूर्वींसारखी ऐकूं येते असें हे म्हणत नाहींत, पण ऐकूं येते म्हणतात. माडीवरचा पंखा कुरकुरतो म्हणून सध्यां रोज तक्रार चालू आहे. तो गेलीं चार वर्षें कुरकुरत आहे.